उलटे तीन ठिपके

कारण समजल्याशिवाय पाण्याचा घोटही घशाखाली न उतरवणारा माणूस जगात एकच होता, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. दाजी कडेगावच्या शाळेत भूमिती शिकवायचे. शाळा सुटली तरी भूमिती काही सुटायची नाही. आमटी पातळ झाली, "कारण?" आमच्याकडं जावई म्हणून त्यांना टोपी घातली, "कारण?" एकदा एसटी उशिरा आली आणि कंडक्टर बिचारा "असंच" म्हणाला, तर दाजी पायरीवरच अडून उभे. "असंच म्हंजे काय? जगात असंच काय नसतंय." ड्रायव्हरनं बदललेलं चाक दाखवलं तेव्हा कुठं गाडी हलली. 'असंच' हा शब्द त्यांच्या घरात शिवीत जमा होता.

अशा माणसाची मुलगी सुमन दहावीला भूमितीत नापास झाली. सुमननंच सांगितलं, पायऱ्या सगळ्या लिहिल्या, पण कारणं एकाही पायरीची दिली नाहीत. जन्मभर घरात तेच ऐकून पोरीला वीट आला असणार, दुसरं काय. दाजींच्या आईनं लगोलग उंब्रजचं स्थळ काढलं. ऑक्टोबरला पास झाली तर ठीक, नाहीतर तुळशीचं लग्न झालं की हिचंही उरकायचं, असं म्हातारीनं जाहीर केलं. दाजींनी सवयीनं विचारलं, "कारण?"

"नापास झाली, म्हणून," म्हातारी म्हणाली. दाजी त्या रात्री जेवले नाहीत, असं ताई सांगत होती.

दुसऱ्या दिवशी ते कऱ्हाडला माझ्या डीटीपीच्या दुकानात हजर. सुमनसाठी पुस्तिका करायची, प्रत्येक पायरीला कारण द्यायचं, आणि छापीलच पाहिजे. कारण दाजींचं अक्षर खुद्द दाजींनाही लागत नसे. मी टाइप करायला बसलो. 'म्हणून'चे तीन ठिपके, वर एक खाली दोन (∴), फॉन्टमध्ये सापडले. पण 'कारण'चे, वर दोन खाली एक (∵), सगळे फॉन्ट पालथे घातले तरी सापडेनात.

"म्हंजे ह्या यंत्राला 'म्हणून' म्हणता येतंय, पर 'कारण' देता येत न्हाई?" दाजी म्हणाले. "आमच्या हेडमास्तरांचा सख्खा भाऊच की ह्यो."

"दाजी, पेनानं काढा की."

"आन् पोरीला वाटू दे, बापाला कारण मागनं सुचलं म्हणून?"

"मग शब्दच लिहितो."

"पेपरात चिन्ह, तर पुस्तकात बी चिन्ह. आज न्हाई तर उद्या जमंल."

आणि खरंच उद्या आले. परवाही आले. शाळा सुटली की कडेगावहून गाडी धरायची आणि माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसायचं. माझी बायको चहा ठेवून थकली. एका संध्याकाळी 'म्हणून' छापलेला एक कागद टेबलावर वरची कड खाली असा उलटा पडला होता. दाजी त्याच्याकडं टक लावून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "गड्या, कागद उलटा घाल."

आधी मजकूर छापायचा, ठिपक्यांपुरती जागा सोडायची. मग तोच कागद उलटा करून प्रिंटरमध्ये घालायचा आणि त्या जागी 'म्हणून' छापायचं. सरळ धरला की 'कारण'. सांगायला सोपं, पण वरचं खाली आणि उजवीकडचं डावीकडं मोजताना माझी पार दमछाक झाली. पहिले ठिपके त्रिकोणाच्या पोटात पडले, पुढचे 'पायथागोरस'वर. दाजी फूटपट्टी घेऊन मोजायचे आणि म्हणायचे, "अजून एक डाव." लाइट गेली तर मेणबत्ती धरून मोजायचे. शेवटी एकदाचे ते ठिपके जागच्या जागी बसले. पुस्तिका पिशवीत घालून दाजी गेले, जाताना आभारबिभार काही नाही.

सुमन पास झाली. उंब्रजचं स्थळ उंब्रजलाच राहिलं, आणि पुढच्या वर्षी पोरगी नर्सिंगला सांगलीला निघाली. मी स्टँडवर गेलो होतो. दाजींनी तिची ट्रंक टपावर चढवली, खिडकीतून डबा दिला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते हलेनात, नुसते टोपीनं डोळे पुसत उभे. इतक्या वर्षांचं उट्टं काढायची अशी संधी पुन्हा कुठली मिळायला?

"कारण?" मी विचारलं.

दाजींनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"असंच रं," ते म्हणाले.