भाकरीला बंदी नव्हती

लग्न होऊन मी सोनईला आले तेव्हा माहेर जवळ असल्याचा मला फार आनंद होता. गोदावरीचा पूल ओलांडला की पलीकडे वडिलांचं शेत. पण नदी ही दोन जिल्ह्यांची हद्द होती, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत ज्वारीला जिल्ह्याबाहेर जायची बंदी होती. व्यापाऱ्यांनी साठे करू नयेत, गरिबाला स्वस्त धान्य मिळावं, असा सरकारचा हेतू. नगरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकताना मला तो इतका पटला होता की परीक्षेत मी त्याच्या बाजूनं पानंच्या पानं लिहिली होती.

त्या साली आमच्याकडे पावसानं दगा दिला. वडिलांची ज्वारी मात्र विहिरीच्या पाण्यावर तरली. त्यातलं एक पोतं घेऊन ते एस.टी.नं माझ्याकडे निघाले. पुलाच्या नाक्यावर शिपायानं पोतं उतरवून घेतलं.

"लेकीला चाललंय," वडील म्हणाले.

"लेक कुठल्या जिल्ह्यात हाय?"

"नगर."

"मंग न्हाई जमायचं."

जप्त केलेलं पोतं नाक्यामागे उघड्यावर पडून राहिलं. अवकाळी पावसात भिजून त्याला कोंब फुटले. गरिबासाठी राखलेली ती ज्वारी शेवटी शेळ्यांनी खाल्ली.

मग आईनं पीठ आणून पाहिलं. नाक्यावरच्या कारकुनानं निकाल दिला की पीठ म्हणजे दळलेली ज्वारीच. आई परत गेली आणि पुढच्या आठवड्यात फडक्यात भाकरी बांधून आली. कारकुनानं हुकूम वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात भाकरीचा उल्लेख नव्हता. त्यानं आईला जाऊ दिलं.

त्या भाकरी आम्ही वाळवून ठेवल्या आणि दुधात चुरून खाल्ल्या. बातमी पसरायला वेळ लागला नाही. महिन्याभरात पुलापलीकडे बायांनी चुली मांडल्या. आमच्या बाजूच्या घोडेगावच्या बाजाराला येणारी माणसं बैलांसाठी दोरखंड घ्यावं तशी भाकरींची चवड घेऊन जायची. चुलींसाठी नदीकाठच्या बाभळी तुटल्या. आमच्या गावच्या गिरणीवाल्याचं दळण बंद पडलं. तो सरकारला काही बोलत नसे, माझ्या आईला मात्र शिव्या देई. आणि तिकडे भाकरीवाल्या बाया ज्वारी उचलू लागल्यामुळे माझ्या माहेरच्या गावातच ती महागली. ज्याच्यासाठी बंदी होती तो तिथला मजूर रेशनच्या दुकानापुढे रांगेत उभा राहिला.

एके दिवशी जीपमधून मोठे साहेब आले. त्यांनी चुली पाहिल्या, गरम भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि काही दिवसांनी नवा हुकूम निघाला. माणसानं स्वतःच्या खाण्यापुरत्याच भाकरी न्याव्यात. पण खाण्यापुरत्या म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. ते ठरवायचं काम शिपायाकडे आलं.

माझ्या आईपुढचा म्हातारा त्यानं अडवला. "बाबा, किती खाता?"

"तुमी वाढाल तेवढ्या," म्हातारा म्हणाला.

मग आईचं गाठोडं सुटलं.

"मावशी, एवढ्या एकटीनं खानार?"

"माझी लेक पोटुशी हाय. ती दोघांचं खाती."

"लेक कुठं हाय? दिसंना."

"ती नगर जिल्ह्यात हाय. तिला हितं आनाया बंदी न्हाई ना?"

शिपाई हसला आणि त्यानं स्वतःच गाठोडं बांधून दिलं. त्याच्या घरीही अशीच एक पोटुशी बायको होती, हे आईला नंतर कळलं. मग त्या गाठोड्यातल्या चार भाकरी नेमानं त्याच्याकडे जाऊ लागल्या. मला हे लाच वाटायचं. आई म्हणायची, "लाच कसली? तिला डोहाळं लागल्यात."

पुढच्या सुगीला बंदी उठली. वडील बैलगाडीतून राजरोस ज्वारी घेऊन आले. सासूबाईंनी पोत्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजी आता परत थापायच्या व्हय?"

बाळाला घेऊन माहेरी जाताना मी पुलापलीकडे एस.टी.तून उतरले. चुली विझल्या होत्या. भाकरी थापणाऱ्यांपैकी एक बाई तिथं बसली होती. मी कॉलेजात शिकलेय हे तिला आईकडून कळलं होतं.

"ताई, बंदी परत कधी लागंल?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही."

"लागली तर आधी कळवा," ती म्हणाली. "सरपन भरून ठिवते."