अर्धी तिची, अर्धी माझी

दवाखान्यात तिला सगळे चौकशीताई म्हणत. कामच तसं होतं. डॉक्टरीणबाईंचं संशोधन चालू होतं: रक्तवाढीची नवी गोळी गरोदर बायकांना जुन्या गोळीपेक्षा जास्त लागू पडते का? गोळ्या दिसायला सारख्याच. कुणाला कुठली दिली, हे मुद्दाम कुणालाच सांगितलं नव्हतं. चौकशीताई घरोघरी जाऊन डब्या उघडून बघायची. बहुतेक घरांत गोळ्या तशाच पडलेल्या. "अगं बाई, राहूनच गेलं!" हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

एका घरात मात्र दोन जावा होत्या, दोघींनाही दिवस गेलेले, आणि दोघींच्याही डब्या वेळेवर रिकाम्या. हे कसं काय? चौकशीताईला चैन पडेना. शेवटी धाकटीनं हसत सांगून टाकलं, "चांगली गोळी कुणाची ते कुठे कळतंय? म्हणून जेवण झालं की दोन्ही गोळ्या मोडतो. प्रत्येकीतली अर्धी तिची, अर्धी माझी."

"आणि विसरत नाही कधी?"

"विसरेन कशी?" थोरली म्हणाली. "ही माझी अर्धी हातात घेऊन समोर बसलेली असते ना!"

चौकशीताईनं दवाखान्यात येऊन हे सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "सगळा घोळ केला! दोघींनाही अभ्यासातून काढून टाक."

"काढते," चौकशीताई म्हणाली. "पण बाई, गोळी कुठली चांगली, ते कळेल तेव्हा कळेल. ती रोज पोटात जाते कशी, हे या दोघींनाच विचारायला नको का?"