दादाच्या हातांचा व्हिडिओ

माझा दादा नळ दुरुस्त करायचा. त्याला जाऊन आज महिना झाला. मला लिहायची सवय नाही, बोलते तसं टाइप करतेय, सांभाळून घ्या.

एवढ्याशा वॉशरसाठी लोक बोलावतात म्हणून दादा वैतागायचा. म्हणाला, एकदा दाखवूनच टाकतो सगळ्यांना. घरातल्याच नळाचा व्हिडिओ काढला, फोन वहिनीने धरला. तोंड दाखवायचं नाही म्हणाला. "काम हात करतात, तोंड काय करतं?" वहिनी म्हणाली, "तुमचं तोंडच जास्त चालतं." व्हिडिओ इंटरनेटवर चढवला आणि फोनमधला लगेच पुसून टाकला. वर गेलाय ना, मग इथे कशाला तुंबवून ठेवायचा म्हणे.

पुढे एका माणसाने तोच व्हिडिओ आपल्या चॅनेलवर टाकला, वर आवाज स्वतःचा. अंगठा दादाचा वाकडा, आणि हा सांगतोय, "मी वॉशर असा बसवतो." दादा असला भडकला! कॉपीराइटची तक्रार केली, पुरावा म्हणून अंगठ्याचे चारी बाजूंनी फोटो जोडले. तर व्हिडिओवाल्या कंपनीने आधी दादाचाच व्हिडिओ काढून टाकला. का, तर मागे शेजाऱ्याच्या रेडिओवर गाणं वाजत होतं.

"मी गाणं चोरलं?" दादा म्हणाला. "अरे, मी तर त्याला बंद कर म्हणून ओरडत होतो!"

मग छातीत कळ आली काय आणि दादा गेला काय.

परवा त्याच्या फोनवर मेल आला. तक्रार मान्य, त्या माणसाचा व्हिडिओ दोन दिवसांत काढून टाकतो, मागे घ्यायची असेल तर कळवा. म्हणजे दादा जिंकला. पण वहिनी घाबरली. रोज त्या माणसाचा आवाज बंद करून ती तोच व्हिडिओ बघायची. "अहो वन्सं, तो काढून टाकला तर यांचे हात मी कुठे बघू?"

मी तक्रार मागे घेतली. त्या माणसाला लिहिलं, हे हात माझ्या दादाचे, तो आता नाही, निदान त्याचं नाव तरी टाका. वाटलं, शिव्या देईल.

त्याने लिहिलं, "चुकलं ताई, नाव टाकतो. मूळ व्हिडिओ आहे माझ्याकडे, त्यांच्या आवाजासकट. पाठवू का?"

आम्ही लावला. गाणं वाजतंय, पाना फिरतोय, आणि दादा खेकसतो, "अगं, फोन सरळ धर!"

वहिनी डोळे पुसत फोनलाच म्हणाली, "सरळच धरला होता मी."