हव म्हणणारा प्रोग्राम

मी आयुष्यात लिहिलेला सगळ्यात छोटा प्रोग्राम अकरा ओळींचा होता. सगळ्यात जास्त शिव्या त्यानंच मला खाऊ घातल्या.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. पानठेल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांच्या पाटीवर 'राजधानी' चढलं होतं, मग मीच मागे काहून राहू? सदर बाजारातून एक टाय आणला आणि सॉफ्टवेअरवाला झालो. पहिलं गिऱ्हाईक गुढियारी मोहल्ल्यातले एक ट्रान्सपोर्टवाले सेठ. ट्रक सुटला की ज्यांचा माल त्यात आहे त्या व्यापाऱ्यांना आपोआप मेल जाईल, असा प्रोग्राम मी त्यांना करून दिला. तो चालवणार होत्या त्यांच्या टायपिस्ट ताई. माहेर वर्ध्याकडचं, नवरा रेल्वेत, टाइपरायटरवर सतरा वर्षं. सेठनी त्यांना सांगून टाकलं होतं, कम्प्युटर जमला तर खुर्ची तुमची, नाही तर दुसरं कोणी बघू.

महिनाभर बरं चाललं. मग मेलचा प्रोग्राम नवा टाकला, आणि प्रत्येक मेलला पडद्यावर एक चौकट यायला लागली: कुठला तरी प्रोग्राम तुमच्या नावानं मेल पाठवू पाहतो आहे, हा व्हायरस असू शकतो, पाठवू द्यायचा का? 'हो'चं बटण पहिली पाच सेकंद दबतच नसे.

चौकट खोटं बोलत नव्हती. परक्याच्या नावानं पत्रं धाडणारा तो उपटसुंभ म्हणजे माझाच प्रोग्राम. ताई दर वेळी पडद्यावर बोट फिरवत ती पूर्ण वाचायच्या, मग दाबायच्या. दिवसाला चाळीस मेल, चाळीस पारायणं. ट्रक बिलासपूर ओलांडायचा, मेल अजून गुढियारीतच. सेठ येता-जाता कोपऱ्यातल्या टाइपरायटरकडे बघून उसासा टाकायचे आणि ताईंचा चेहरा उतरायचा.

खरा उपाय मला माहीत होता. मेलच्या प्रोग्रामला मध्ये न घालता माझ्या प्रोग्रामनं थेट सर्व्हरकडे मेल सोपवायची. पण त्याला दोन दिवस बूड टेकून बसावं लागलं असतं. त्यापेक्षा मी अकरा ओळी लिहिल्या. चौकट दिसली की आपणच 'हो' दाबायचं, बस. नाव ठेवलं 'हव', म्हणजे हो. आमच्या रायपुरात समोरच्याचं बोलणं संपायच्या आधीच माणूस 'हव' म्हणून मोकळा होतो. माझं लेकरूही त्याच वळणाचं.

ताईंना काही ते पटलं नाही. "भाऊ, तो इचारून राहिला न? मंग कोनी वाचाले नको?"

मी म्हटलं, घरच्याच माणसाला काय दर वेळी ओळख विचारायची. आणि चहाच्या ठेल्यावर जाऊन माझ्या हुशारीची कथा रंगवून सांगितली.

काही आठवड्यांनी, ताई डबा खायला उठलेल्या असताना, सेठनी त्यांच्या कम्प्युटरवर शुभेच्छांची म्हणून आलेली एक फाइल उघडली. तो व्हायरस निघाला, आणि सेठच्या नावानं सगळ्या पत्त्यांवर स्वतःला पाठवायला लागला. चौकट आली. ज्या कामासाठी तिला घडवलं होतं, नेमकं ते काम करायला आली. माझ्या लेकरानं दर वेळी अदबीनं हव म्हटलं.

दुर्गपासून रायगडपर्यंतच्या व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा सेठ विचारत होते, "दीदी, यस किसने दबाया?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरची केबल तपासायला घेतली. प्रिंटरचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

"रहने दो. कल से कोई और बैठेगा."

केबल हातात तशीच राहिली. "सेठ, मेरे प्रोग्राम ने दबाया," मी म्हणालो. "दीदी तो मना कर रही थी."

सेठनी माझ्या टायकडे बराच वेळ पाहिलं. मग फर्मावलं की सगळं दुरुस्त होईपर्यंत मी इथंच बसायचं, दीदीच्या देखरेखीत.

मी 'हव' पुसला. व्हायरस काढला, आणि जे दोन दिवस वाचवायला गेलो होतो तेच दोन दिवस बसून थेट सर्व्हरचं काम केलं. तोवर रोजच्या मेल जुन्याच पद्धतीनं, दर वेळी चौकट वाचून, जायच्या होत्या. ताईंनी खुर्ची किंचित माझ्याकडे वळवली. "मोठ्यानं वाचा भाऊ."

मी वाचलं. पहिल्या दिवशी चाळीस वेळा. मधे एकदा अर्धी ओळ गाळली तर परत सुरुवातीपासून.

आता नवा रायपूरच्या ऑफिसात माझा फोन दिवसभर कसली ना कसली परवानगी मागतो आणि मी न वाचताच देतो. दर वेळी मागून कोणीतरी बघत असल्यासारखं वाटतं.

तेव्हा गुढियारीत तिसऱ्या दिवशी नवा प्रोग्राम लागला. पहिली मेल गेली, चौकट आलीच नाही. ताईंचं बोट मात्र पाच सेकंद माउसच्या बटणावर थांबून राहिलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, नीट बसल्या.

"आज कोनी काही इचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "मले करमून नाही राहिलं भाऊ."