खेळायला का इलेक्शनला

"काका, खेळायला पाहिजे का इलेक्शनला?"

अंबाजोगाईतल्या खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात हॉकी स्टिक मागितली की हा प्रश्न येतो, आणि दुकानदाराला त्यात काही वावगं वाटत नाही. त्याच्याकडे दोन ढीग असतात. एक भिंतीला टेकवलेला, शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी. दुसरा काउंटरच्या मागं, सुतळीनं बांधून ठेवलेला. त्यातल्या स्टिका जाड, जड आणि बेढब. चेंडू त्यांच्यावर क्षणभर टिकणार नाही. सोसायटी, कारखाना, बाजार समिती, कुठलीही निवडणूक लागली की तो दुसरा ढीग आठवडाभरात संपतो.

मला राग आला. मला राग येतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चहा गार मिळाला तरी येतो, फार गरम मिळाला तरी येतो. बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा कुणाला तरी हाणत असता. पण दुकानदाराच्या प्रश्नाचा राग जास्त आला, कारण त्यानं तो अगदी योग्य माणसाला विचारला होता.

"खेळायला," मी म्हणालो. "माझ्या तोंडाकडं बघून तुला काय वाटलं बे?"

"तुमच्या वयाचं कुणी खेळायला नेत न्हाई, काका," तो म्हणाला. आणि हसला.

एके काळी मी बरा खेळायचो. अंबाजोगाईला निजामाची फौज होती तेव्हापासून हॉकी मुरलेली. त्या हॉकीवरच मला सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकुनी मिळाली. चेअरमनला आपल्या कारखान्याचा संघ असावा अशी हौस होती. आम्हा बारा जणांना जर्सी, बूट, स्टिका सगळं कारखान्याकडून. मी सेंटर हाफ. माझ्या पुढं लेफ्ट इनला घाटनांदूरकडचा एक जण होता. मी मान वर न करता चेंडू मारायचो आणि तो तिथं असायचाच. सात वर्षं असायचा. माझं डोकं सटकलं की पाठीमागून येऊन दंड धरायचा आणि कानात म्हणायचा, "सोड बे." मैत्री म्हणतात ती मला एवढीच ठाऊक आहे.

मग लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं गेलं. होता तेवढा ऊस जनावरांच्या छावणीत चारा म्हणून गेला आणि कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. कारखान्याकडं चालू राहिले ते फक्त पाण्याचे टँकर. ते कुठल्या गावाला जायचे हे चेअरमनच्या ओसरीवर ठरायचं. जे गाव आपल्या पॅनेलचं, त्याला एक दिवसाआड टँकर. जे गाव दुसऱ्या पॅनेलचं, तिथल्या बायांनी कोरड्या विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरावं. माझ्या जोडीदाराचं गाव दुसऱ्या पॅनेलचं होतं. त्याची आई अशीच विहिरीत उतरताना पडली, कंबरेतून कायमची अधू झाली.

वार्षिक सभेला आम्हा खेळाडूंना स्वयंसेवकाचे बिल्ले मिळायचे. येताना स्टिका आणायच्या, मांडवाच्या दोन्ही अंगांना उभं राहायचं. कारखान्याची ती रीतच होती. व्यासपीठावरून विषय वाचला जायचा, पहिल्या दहा रांगा "मंजूर, मंजूर" ओरडायच्या, मागचं कुणी "नामंजूर" म्हणायला उठलं की आम्ही नुसतं त्याच्या दिशेनं बघायचो. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागायचं.

त्या वर्षीच्या सभेत माझा जोडीदार बिल्ला न लावता आला. चौथा विषय चालू असताना सरळ व्यासपीठावर चढला आणि वाचणाऱ्याच्या हातातला माइक हिसकून घेतला.

"आमच्या गावाला टँकर कावून न्हाई?" तो म्हणाला. "आमी सभासद न्हाईत का?"

चेअरमननं माझ्याकडं पाहिलं सुद्धा नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पुढं लोक म्हणाले, इशारा झाला होता. मलाही तसं मानणं सोयीचं होतं. इशारा नव्हता. मी व्यासपीठाच्या पायरीशी उभा होतो आणि तो माझ्याकडं वळला.

"तू तरी बोल बे," तो म्हणाला. माइकमधून. चार हजार माणसांपुढं.

त्यानं मला तोंडघशी पाडलं असं वाटलं. बस, एवढंच कारण. नोकरी जाईल ही भीतीही नंतरची. मी दोन पायऱ्या चढलो आणि पेनल्टी कॉर्नर मारावा तसा पूर्ण झोका घेऊन त्याच्या डाव्या मनगटावर स्टिक हाणली. माइक त्याच हातात होता. हाड मोडल्याचा आवाज भोंग्यातून बाहेर पडला, कारखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू गेला. तो खाली बसला, ओरडला नाही. मी अजून एक मारली, पाठीत. तिसरी मारणार तेव्हा मला दोघांनी धरलं. खाली कुणीतरी "मंजूर" म्हणालं, मग सगळेच म्हणाले, आणि चौथा विषय मंजूर झाला.

दवाखान्यात त्यानं सांगितलं, पायरीवरून घसरलो. मी त्याला भेटायला गेलो नाही. स्टिक मात्र पुन्हा हातात घेतली नाही. गुडघा गेला असं सांगत राहिलो.

आता इतक्या वर्षांनी जुन्या खेळाडूंचा सामना ठरला, कॉलेजच्या मैदानावर. मला बोलावणं आलं आणि मी हपापलो. हा शब्द बरोबर आहे. रात्री अंथरुणात माझी मनगटं फिरायला लागली. पण माझा तो जोडीदार मैदानाच्या कडेला तरी उभा असल्याशिवाय मला आत पाऊल टाकता येणार नव्हतं. इतकी वर्षं लग्नाकार्यात आम्ही एकमेकांना चुकवत होतो. मी फोन केला. तू येणार असशील तरच मी खेळतो, म्हणालो.

"स्टिक घेतली का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"दुकानात ये. मी बगतो. मग सांगतो येतो का न्हाई."

संघाच्या स्टिका पूर्वी तोच निवडायचा. दुकानदाराशी माझं ते खेळायला-इलेक्शनचं बोलणं झालं आणि मागोमाग तो आला, धोतर-सदऱ्यात, वाळून गेलेला. डावं मनगट बाहेरच्या अंगाला वळून बसलेलं होतं. त्यानं राम राम केला नाही. भिंतीच्या ढिगातून एकेक स्टिक काढून उजव्या हातानं तोलली, काखेत धरून अंगठ्यानं लाकडाचे पट्टे चाचपले, फरशीवर आपटून कान लावला. फायबरच्या चकचकीत स्टिकांकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"हलकी घे. आता तुझ्यात दम न्हाई पयल्यासारखा," तो म्हणाला. "अन् लांबीला दोन बोटं कमी."

"वाकावं लागंल मग."

"वाक की. जरा वाकलं तर काय बिघडतंय तुजं?"

चार स्टिका त्यानं बाजूला टाकल्या, पाचवी माझ्याकडं दिली. मी मूठ धरली आणि मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली. हातांना सगळं आठवत होतं. तळहात मुठीवर असे बसले, जणू काल सोडली होती. मी खाली बघून दोनदा हळू फिरवली. तेवढ्यात त्यानं काउंटरमागच्या ढिगातली एक जाड स्टिक उपसली आणि सगळा जोर लावून माझ्या नडगीवर हाणली.

डोळ्यांपुढं पांढरं झालं. हाडावर कातडी फाटल्याचं कळलं, चपलेत रक्त उतरल्याचंही कळलं. पण त्याच्या आधीच माझी स्टिक खांद्यावरून मागं गेली होती, दोन्ही हातांत, आणि मला त्याचं टाळकं दिसत होतं. फक्त टाळकं. तो तसाच समोर उभा होता, हात न उचलता, डोळे गच्च मिटून.

मी ओढली. स्टिक येईना. वर छताला गोलपोस्टची जाळी टांगलेली होती, तिच्यात स्टिकचा आकडा अडकला होता. मी पुन्हा हिसडा दिला. छताची खुंटी करकरली, जाळी सुटली नाही. शिव्या माझ्या तोंडात आल्या होत्या. मग त्यानं डोळे उघडले.

त्याला दिसलं ते एवढंच, की मी स्टिक उगारून थांबलो आहे.

"थांबलास," तो म्हणाला. "थांबलास की बे. मला एवढंच बगायचं व्हतं. तेवढ्यासाठी आलतो मी." त्यानं हातातली जाड स्टिक काउंटरवर टाकली आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "येतो रविवारी. लई वर्सं झाली मैदान बगून. तू खेळ, मी शिट्टी वाजवतो."

दुकानदार काउंटरमागं पांढराफटक उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं आणि तो माझ्याकडं बघून किंचित मान हलवत होता. नका बोलू, काका. मी गप्प राहिलो असतो तर तोही राहिला असता. मला खेळायचं होतं. आयुष्यात दुसरं काही मी इतक्या जोरानं मागितलेलं नाही.

"मी थांबलो न्हाई," मी म्हणालो. "जाळीत अडकली. दोनदा वढली मी. तुजं डोकं फोडलं असतं."

त्यानं वर पाहिलं. मग पुढं येऊन टाचा उंचावल्या आणि उजव्या हातानं एकेक दोरा बाजूला सारत आकडा मोकळा केला. माझ्या बोटांमधून मूठ काढून घेतली. मी सोडली.

"मंग तू न्हाई खेळायचं," तो म्हणाला.

"न्हाई खेळत."

"पर यायचं. दिसंल असं बसायचं."

रविवारी मी गेलो. त्यानं शिट्टी वाजवली, उजव्या हातानं फ्री हिट दिल्या, म्हाताऱ्यांना दम भरला. माझ्या जागी खेळणाऱ्यानं साधा चेंडू सोडला, तेव्हा त्यानं खेळ थांबवून रेषेबाहेर माझ्याकडं पाहिलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. सामना संपेपर्यंत ते खाली वळवळत होते.