चिनी सुया आणि ह्यांचं ताट

बायांनो, जिला वाचता येतं तिने बाकीच्यांना वाचून दाखवा. आजच घडलंय.

आमच्या ह्यांचं पोट दोन महिने दुखतंय, म्हणून आज कल्याणच्या बाजारात रेशीम विकणाऱ्या चिनी म्हाताऱ्याकडे ह्यांना नेलं. तो सुया टोचून बरं करतो म्हणतात. त्याने जीभ बघितली, नाडी धरली आणि विचारलं, "खाना कितना?"

"पोटभर जेवतो," हे म्हणाले.

"खोटं!" मी ओरडले. "ह्यांच्या मागून ह्यांच्याच ताटात मी जेवते. अर्धा भात, भाजी, तूप रोज तसंच असतं." मला वाटायचं, माझ्यासाठी मायेने ठेवतात.

हे खाली बघून म्हणाले, "गिळवत नाही गं. तू खुशीत खायचीस, म्हणून बोललो नाही."

असला कसला माणूस!

म्हाताऱ्याने गुडघ्याखाली सुया टोचल्या. पोट दुखतंय नि सुया पायाला! ह्यांनी चारचौघांत माझा हात धरला. मीही सोडवला नाही.

घरी आल्यावर हे वाटीभर पेज प्यायले नि अजून मागितली. गुण सुयांचा की बोलून टाकल्याचा, देव जाणे. पण तुम्ही तरी ताटावर बसण्याआधी नवऱ्याला विचारता का, एवढं कशाला उरलं?