क्लचवरचा पाय

मी माइल्ड हायब्रिड गाडी घेतली तेव्हा आमच्या देवासच्या कॉलनीत सगळ्यांचा एकच प्रश्न होता, ‘‘दीदी, चार्ज कुठे करणार?’’ कुठेच नाही, असं मी सांगायची. ही गाडी पेट्रोलवरच चालते. इंजिनाला पट्ट्याने जोडलेली एक मोटर असते. वेग कमी करताना ती वीज तयार करून छोट्या बॅटरीत साठवते आणि पुन्हा वेग घेताना त्याच विजेने इंजिनाला थोडा हात देते. नुसत्या विजेवर गाडी हलत नाही. पेट्रोल जरा कमी लागतं, एवढंच. सेल्समनने आणखीही बरंच सांगितलं होतं, पण माझं लक्ष रंगाकडे होतं.

बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आले आणि इथेच निवृत्त झाले. मला गाडी त्यांनीच शिकवली. थांबायचं असेल तर गाडी न्यूट्रलला आणि पाय क्लचवरून खाली, हा त्यांचा नियम. मी मात्र पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबूनच उभी राहते. मला कायम घाई असते.

धारला आत्याकडे जायचं होतं, त्या दिवशी बाबा पहिल्यांदाच नव्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसले. पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद पडलं. गडबडून त्यांनी क्लच दाबला, किल्लीला हात घातला, तोवर गाडी सुरूही झाली. पुढच्या सिग्नलला तेच. मागचा स्कूटरवाला ओरडला, ‘‘अरे भिया, चलानी नी आती तो घर बैठो!’’

बाबांनी गाडी कडेला घेतली आणि उतरून किल्ली माझ्या हातात दिली.

‘‘तू चालव, बेटा. गाडीवरचा हात गेला माझा.’’

धारपर्यंत माझ्याकडून गाडी एकदाही बंद पडली नाही. मग आणखी कसला पुरावा हवा होता? आई म्हणाली, वय झालं. मीही मान डोलावली. त्यानंतर बाबा मंडईत ऑटोने जाऊ लागले. दर पौर्णिमेला ते आईला गाडीने नेमावरला नर्मदेवर न्यायचे, तेही बंद झालं. मला वाईट वाटायचं, आणि थोडं हायसंही वाटायचं.

पुढे माझा डावा गुडघा दुखायला लागला. एका सकाळी मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. रेल्वे फाटक बंद होतं आणि मालगाडी काही संपेना. पायाला आराम म्हणून मी गाडी न्यूट्रलला टाकली, पाय काढला आणि इंजिन बंद झालं.

‘‘पडली?’’ बाबांनी हळूच विचारलं.

समोर डॅशबोर्डवर एक हिरवी खूण लागली होती. क्लच दाबला, गाडी सुरू. न्यूट्रलमध्येच पाय काढला, पुन्हा बंद. तेव्हा कुठे मला सेल्समनचं उरलेलं बोलणं आठवलं. उभ्या गाडीत पेट्रोल फुकट जळू नये म्हणून ती आपली आपणच बंद होते. बाबांना मी ते सांगितलं.

‘‘मग तुझ्याकडून का नाही झाली कधी?’’

‘‘मी क्लच दाबून उभी राहते ना, बाबा.’’

ते बराच वेळ माझ्या डाव्या पायाकडे बघत राहिले. मालगाडी गेली, फाटक उघडायला लागलं, मागे हॉर्न सुरू झाले. बाबा उतरले, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि त्यांनी दार उघडलं.

‘‘उतर,’’ ते म्हणाले. ‘‘आणि आईला फोन लाव. पौर्णिमा कधी आहे, विचार तिला.’’